लंडनहून एका दिवसात इंग्लंडचं निवांत खेडं: मोर्टन-इन-मार्श ते लाँगबरो पायी (नकाशा, जेवण, गायी, परतीची गाडी)

पायवाट

दर उन्हाळ्यात या फोरमवर हाच प्रश्न येतो. लंडनमध्ये आहोत, एक दिवस मोकळा आहे, इंग्लंडचं खेडं बघायचंय, कुठे जावं? उत्तरांत ठरलेली तीन नावं येतात: बायबरी, बोर्टन-ऑन-द-वॉटर, कासल कूम. तिन्ही गावं देखणी आहेत, पण सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तिथे निवांतपणा मिळत नाही. बायबरीतली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग मुळात साधारण १३८० साली लोकरीचं कोठार म्हणून बांधलेली. सतराव्या शतकात तिची विणकरांची घरं झाली. आजही तिथे माणसं राहतात आणि दिवसभर त्यांच्या खिडकीसमोर कोणीतरी फोटोसाठी उभं असतं. अशा ठिकाणी गर्दीत भर घालण्यापेक्षा शेजारचं कमी ऐकलेलं गाव निवडणं सगळ्यांच्याच सोयीचं.

गाव निवडायची माझी पद्धत सोपी आहे. रेल्वे स्टेशनपासून तीन ते सहा किलोमीटर, मोठ्या बसगाड्या उभ्या करायला जागा नाही, एक चर्च, एक चालू पब, आणि स्टेशनपासून गावापर्यंत शेतातून जाणारी सार्वजनिक पायवाट. या चाळणीतून उत्तर कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातलं लाँगबरो हे गाव नेमकं उतरतं.

लंडनच्या पॅडिंग्टनहून मोर्टन-इन-मार्शला थेट गाडी आहे, दीड ते पावणेदोन तास लागतात. साडेआठच्या सुमाराची गाडी धरली तर दहा-सव्वादहाला चालायला सुरुवात होते. मोर्टन हे बाजारगाव. दर मंगळवारी तिथे बाजार भरतो, त्यामुळे मंगळवारी गर्दी असते, पण फळं, पाव, चीज तिथेच घेता येतं. सार्वजनिक स्वच्छतागृह मोर्टनलाच उरकून घ्या. पुढच्या खेड्यांत ते धरून चालू नका.

पहिला टप्पा मोर्टन ते बोर्टन-ऑन-द-हिल, साधारण साडेतीन किलोमीटर. (हे वरच्या बोर्टन-ऑन-द-वॉटरपेक्षा वेगळं गाव, तिकीट काढताना आणि नकाशात शोधताना घोळ होतो.) दोन्ही गावांना ए-४४ रस्ता जोडतो, पण त्याच्या कडेने चालू नका. गाड्या वेगात असतात आणि पदपथ सलग नाही. रस्त्याच्या उत्तरेला बॅट्सफर्डच्या बाजूने शेतांतून पायवाट जाते, ती नकाशावर आधीच बघून ठेवा. सगळ्या वाटेतला खरा चढ काय तो बोर्टनला पोचतानाचा. ए-४४ गावाच्या मधून जात असल्याने बोर्टन शांत म्हणता येणार नाही. तरी सेंट लॉरेन्स चर्चमध्ये दहा मिनिटं थांबा. धान्य मोजायची १८१६ सालची दोन धातूची मापं तिथे जपून ठेवली आहेत, बुशेल आणि पेक.

दुसरा टप्पा बोर्टन ते लाँगबरो, अंदाजे चार किलोमीटर, आणि सगळ्या दिवसाचा गाभा हाच. 'हार्ट ऑफ इंग्लंड वे' ही लांब पल्ल्याची वाट इथून दक्षिणेला जाते. तिच्या खुणा फाटकांच्या खांबांवर आहेत. कुरणं, ओक, मेंढ्या, आणि मग वाट सेझिनकोट इस्टेटीच्या मोकळ्या माळातून जाते. उजव्या हाताला झाडांमधून तांब्याचा हिरवट घुमट दिसू लागतो. त्याबद्दल इथले इतिहासवाले लिहितीलच. तिथून पुढे लाँगबरो.

गावात एक पब, एक छोटं दुकान, सेंट जेम्स चर्च, मधासारख्या रंगाच्या दगडाची घरं. 'बघण्यासारखी ठिकाणं' अशी यादी इथे होत नाही. दीड तास बसावं, गल्ल्यांतून एक फेरी मारावी, चर्चच्या आवारात वेळ घालवावा, यासाठीच यायचं.

परतीचा टप्पा लाँगबरो ते मोर्टन, ईशान्येला शेतांतून साडेचार-पाच किलोमीटर. फॉस वे हा रोमन रस्ता, म्हणजे आजचा ए-४२९, उजव्या हाताला लांबवर ठेवायचा. एकूण १२-१३ किलोमीटर होतात. सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर चालणाऱ्याने इथे तीन ते साडेतीन धरावेत, कारण फाटकं, कुंपणं आणि चिखल वेळ खातात. जेवण धरून सहा तास.

उलट दिशेने जाऊ नका. बोर्टन आधी घेतलं तर लाँगबरोला एकच्या सुमाराला पोचता आणि तेव्हा पबचं स्वयंपाकघर चालू असतं. उलट गेलात तर साडेअकराच्या सुमाराला, स्वयंपाकघर उघडायच्या आधीच पोचाल आणि उपाशी पुढे निघाल.

नीलमोहर

फार उपयोगी लिहिलंत. एक शंका. शेतातून, कुणाच्या इस्टेटीतून चालायचं म्हणजे खाजगी जमीन ना? मालकाने हटकलं तर?

बांधावरचा

नीलमोहर, जमीन खाजगीच असते, पण त्यावरून चालायचा हक्क सार्वजनिक असतो. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. त्या नकाशात नोंदलेली वाट मालकाला स्वतःच्या मर्जीने बंद करता येत नाही.

खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जायची वाट. निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा. ओकच्या फळाची, म्हणजे एकॉर्नची खूण दिसली तर ती राष्ट्रीय पायवाट. या भागात ती कॉट्सवोल्ड वेवर दिसेल, चिपिंग कॅम्पडेन ते बाथ, १६४ किलोमीटर. 'पर्मिसिव्ह पाथ' असं लिहिलेलं असेल तर ती मालकाच्या परवानगीने उघडी आहे, तो ती बंदही करू शकतो.

आपल्या लोकांची गाडी अडते ती उभ्या पिकापाशी. नकाशावर वाट शेताच्या मधून जाते आणि समोर गुडघाभर गहू. आपण सवयीने बांधाच्या कडेने वळसा घालतो. तिथे कायदा उलट आहे: हक्क त्या रेषेपुरता आहे, बांधापुरता नाही. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली तर पेरणीसाठी पहिल्यांदा मोडल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याने ती पुन्हा आखून द्यायची असते आणि पिकातून किमान एक मीटर रुंद मोकळी ठेवायची असते. त्यामुळे बहुतेक वेळा गव्हातून सरळ पट्टा दिसतोच. एकामागे एक चाला. चौघं शेजारी-शेजारी चालले की पीक तुडवलं जातं.

फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. उघडं फाटक बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेलं असतं, गुरांना पलीकडच्या पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून. 'कुणीतरी विसरलं वाटतं' म्हणून लावून टाकलं तर गुरं तहानलेली राहतात. गटात शेवटच्या माणसाने फाटकाची जबाबदारी घ्यायची, नाहीतर प्रत्येकाला वाटतं मागचा लावेल.

हक्काची वाट एवढाच त्या जमिनीशी आपला संबंध. तिथे चादर पसरून डबा खाणं, तंबू ठोकणं, झाडावरची फळं काढणं त्यात येत नाही. वाटेच्या कडेला दोन घोट पाणी प्यायला कोणी ना म्हणत नाही.

नीलमोहर

नकाशा कोणता घ्यायचा? फोनवरचा नेहमीचा चालत नाही का?

बांधावरचा

नेहमीच्या फोन-नकाशात यातल्या निम्म्या पायवाटा नसतात. तो तुम्हाला ए-४४ वरून चालवतो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ओएल४५ घ्या. प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर, आणि निळ्या चौकटीचा प्रत्येक चौकोन एक किलोमीटरचा. आखूड हिरव्या तुटक रेघा म्हणजे पायवाट, लांब हिरव्या तुटक रेघा म्हणजे घोडेवाट. काळ्या तुटक रेघा म्हणजे जमिनीवर वाट आहे, पण चालायचा हक्क आहेच असं नाही. चुकतं ते बहुतेक इथेच.

या नकाशात शेताच्या कडाही दाखवलेल्या असतात आणि खरा फायदा त्याचाच. 'कुंपणाच्या डाव्या अंगाने की उजव्या?' हे फक्त याच प्रमाणावर कळतं. चुकीच्या अंगाने गेलात तर पाचशे मीटरनंतर फाटक नसलेल्या कोपऱ्यात अडकता आणि मागे यावं लागतं.

कागदी नकाशासोबत फोनवर उतरवून घ्यायचा कोडही मिळतो. लंडनमध्ये वाय-फायवर असतानाच उतरवा. टेकड्यांच्या खोलगट भागात सिग्नल जातो. अडचण आलीच तर ९९९ किंवा ११२. बोलण्याइतका सिग्नल नसला तर ९९९ ला संदेशही पाठवता येतो, पण त्यासाठी आधी 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवून नोंदणी करावी लागते. ती घरूनच करून निघा.

दौलती

एवढं चालण्यापेक्षा गाडी भाड्याने घ्यावी. चार जण असाल तर रेल्वेपेक्षा स्वस्त पडते, आणि दिवसात चार गावं होतात. भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, वाहतूकही डावीकडूनच.

पायवाट

दौलती, चार गावं करायची असतील तर गाडी बरोबर. पण मग प्रत्येक गावात चाळीस मिनिटं, त्यातली दहा जागा शोधण्यात. निवांतपणासाठी हा धागा आहे म्हणून मी रेल्वे सुचवली.

गाडीच नेणार असाल तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. खेड्यांना जोडणारे रस्ते एकेरी गाडीच्या रुंदीचे, दोन्हीकडे उंच झुडपांची कुंपणं. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरकी रेघ असलेली पाटी दिसली की कायद्याने ताशी ६० मैलांची परवानगी असते. ती कमाल मर्यादा आहे, तो वेग गाठायचा नसतो. वळणापलीकडे ट्रॅक्टर किंवा घोडेस्वार असू शकतो, वीस-पंचवीसनेच जा. समोरून गाडी आली तर रुंद केलेली जागा ज्याच्या जवळ असेल त्याने थांबायचं. ती उजव्या बाजूला असेल तर तिच्यात शिरायचं नाही, तिच्यासमोर आपल्या डाव्या कडेलाच थांबायचं. वाट दिल्याबद्दल हात वर करून आभार मानतात. गाडी मागे घेण्याचा सराव हवा, कारण शंभर मीटर उलटं जावं लागणं नेहमीचंच. बुकिंगमध्ये ऑटोमॅटिक मुद्दाम मागा, नाहीतर गिअरची मिळते.

आणि शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका, 'इथे कोणी येत नाही' असं वाटलं तरी. सुगीत तिथूनच यंत्र आत जातं.

सुगरण_रेडिंग

रेल्वेच्या भाड्याबद्दल: दोघं असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्डाने एकतृतीयांश सूट मिळते. कामाच्या दिवशी ते सकाळी साडेनऊनंतरच चालतं, म्हणून साडेआठची गाडी शनिवार-रविवारी धरा. ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून चालणारं) परतीचं तिकीट घेतलंत तर ठराविक गाडीचं बंधन राहत नाही. चालायच्या दिवशी तेच बरं, 'अ‍ॅडव्हान्स' तिकिटाची गाडी चुकली की ते वाया जातं.

या मार्गाला उशीर का होतो तेही सांगते. ऑक्सफर्डच्या पुढे चार्लबरीपर्यंत रूळ एकेरी आहे. काही भाग २०११ मध्ये पुन्हा दुहेरी केला, पण हा तुकडा राहिला. एक गाडी रखडली की समोरची थांबून राहते. तिथून परत येताना शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. रविवारी रुळांची कामं निघतात आणि रेल्वेऐवजी बस मिळते, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर भरपाई मागता येते. तिकिटाचा फोटो काढून ठेवा, स्टेशनच्या फाटकात तिकीट गिळलं गेलं की पुरावा राहत नाही.

आता जेवण, कारण बहुतेकांचा दिवस तिथेच बिघडतो. पब उघडा आहे म्हणजे जेवण मिळेल असं नाही. दारूचा काउंटर दिवसभर चालू असतो, स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोन-अडीच आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशा बेताने. अडीचला पोचलात की चिप्सच्या पुडीवर भागवायचं. खेड्यातले बरेच पब सोमवारी, काही मंगळवारीही बंद असतात. आदल्या दिवशी फोन करून दोन प्रश्न विचारा: स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत, आणि टेबल राखून ठेवायला हवं का. रविवारचं दुपारचं जेवण हा तिथल्या घराघरांचा रिवाज, त्यामुळे रविवारी टेबल आधी सांगितल्याशिवाय जाऊच नका.

आत गेल्यावर वेटरची वाट बघत बसायचं नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवून काउंटरवर जायचं, तिथेच सांगायचं, बहुतेक ठिकाणी तिथेच पैसे द्यायचे. ग्लासभर नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, इंग्लंडमध्ये परवान्याचीच तशी अट आहे. बूट चिखलाने भरले असतील तर दाराशी काढा, मोज्यांवर आत गेलं तर कोणी काही म्हणत नाही.

शाकाहारी लोकांसाठी: मेनूवर 'व्ही' असलं तरी तीन गोष्टी विचारा. चिप्स कशात तळता? काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, आणि तेलात तळले तरी त्याच तेलात मासा तळलेला असतो. सूपचा स्टॉक कशाचा? आणि चीजमध्ये दूध गोठवायला घातलेलं रेनेट प्राण्यांचं आहे का? पार्मेझानमध्ये ते असतंच, चेडर दोन्ही प्रकारचं मिळतं. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो आणि तो चीज-टोस्टवर सर्रास घालतात. 'प्लाउमन्स लंच' म्हणजे पाव, चीजचा मोठा तुकडा, गोडसर लोणचं, सफरचंद. हॅम नको असं सांगून मागवलं तर पोटभर होतं. एकादशी असेल तर जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, फक्त लोणी आणि मीठ.

चहाच्या वेळी स्कोन (छोटा गोडसर पाव), क्लॉटेड क्रीम (घट्ट साय) आणि जॅम. अंडं न खाणाऱ्यांनी विचारावं, कारण स्कोनला वरून चकाकीसाठी अंडं लावतात. एवढ्या विचारपूशीत संकोच नको. चौदा ठराविक अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. अंडं, मासे, दूध त्यात येतात, त्यामुळे काउंटरवर यादी तयार असते.

इतिहासवेडा

पायवाट यांनी घुमट दाखवून सोडून दिलाय, तो धागा मी पकडतो.

सेझिनकोट हे घर १८०५ च्या सुमाराला चार्ल्स कॉकरेल या ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावलेल्या माणसासाठी त्याच्या भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने आखलं. बाहेरून मोगल धाटणी: कांद्याच्या आकाराचा घुमट, छज्जे, छत्र्या, कमानी. बागेची आखणी करायला चित्रकार थॉमस डॅनियलचा हात होता. तो १७८६ ते १७९३ हिंदुस्थानात फिरून चित्रं काढत होता. बागेत सूर्याचं देऊळ आहे, आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेले आहेत. ग्लॉस्टरशरच्या ओल्या कुरणात नंदी बघणं हा विलक्षण अनुभव आहे, पण पायवाटेवरून ते दिसत नाहीत. वाटेवरून फक्त घर आणि माळ दिसतो. बाग आणि घर उघडण्याचे वार ठरलेले आहेत आणि ऋतूनुसार बदलतात, ते बघूनच दिवस ठरवा. तेव्हाच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या प्रिन्स रीजंटने, १८०७ मध्ये हे घर पाहिलं, आणि त्याच्या ब्रायटनच्या पॅव्हेलियन या राजवाड्यावर या घराची छाप आहे.

मराठी वाचकाला याहून जवळचं ठिकाण मोर्टनच्या अलीकडच्या किंगम स्टेशनपाशी आहे. डेल्सफर्डचं घर वॉरन हेस्टिंग्जचं, तेही याच सॅम्युअल कॉकरेलने आखलेलं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात गव्हर्नर-जनरल हाच, आणि १७८२ चा सालबाईचा तह महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने याच्याच काळात झाला. तो १८१८ मध्ये वारला, ज्या वर्षी पेशवाई संपली त्याच वर्षी. डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं आहे. घर खाजगी आहे, त्यात जाता येत नाही.

त्याचं जन्मगाव चर्चिल, किंगमपासून चालत जाण्याजोगं. त्याच गावात १७६९ मध्ये विल्यम स्मिथ जन्मला, ज्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूगर्भाचा नकाशा छापला. गावात त्याचं दगडी स्मारक आहे. पुन्हा यायचं झालं तर किंगम-चर्चिल-डेल्सफर्ड ही दुसरी एक दिवसाची सहल होते.

चुनखडी

स्मिथचं नाव निघालंच आहे तर गावांच्या रंगाबद्दल लिहितो, कारण घरं बघताना काय बघावं हे माहीत असलं की गल्लीतली फेरी लांबते.

हा दगड ज्युरासिक काळातल्या उथळ, उबदार समुद्रात बनलेला ओओलाइट चुनखडक. बारीक गोल कणांचा, भिंतीला डोळा लावून पाहिलंत तर कण सुटे दिसतात. उत्तरेकडे त्यात लोह जास्त, म्हणून मधाळ पिवळा. दक्षिणेला बाथकडे जाल तसा फिका होत जातो. पूर्वी प्रत्येक गाव आपल्या जवळच्याच खाणीचा दगड वापरायचं, त्यामुळे दोन गावांच्या रंगांत फरक पडतो.

छप्पर मात्र आवर्जून बघा. तिथे दगडाच्याच पातळ फरश्या असतात, वळचणीपाशी सर्वांत मोठ्या आणि शिखराकडे लहान लहान होत गेलेल्या. वजनदार माल खाली भक्कम भिंतीवर आणि लहान माल वर, असा हिशेब. दगड थोडं पाणी शोषतो म्हणून उतार तीव्र ठेवतात, पाणी झटकन निघून जायला हवं. काही खाणींत दगड हिवाळ्यात उघड्यावर ओला ठेवत. गोठणाऱ्या पाण्याने थर सुटत, मग हातोडीने फरश्या काढत.

शेतांच्या भिंती बिनचुन्याच्या, कोकणातल्या गडग्यासारख्या. दोन बाजूंनी दगड रचत जायचं, मध्ये बारीक कपच्यांची भर, ठराविक उंचीवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, आणि माथ्यावर उभे लावलेले दगड. चढून ओलांडू नका. माथ्याचा एक दगड हलला की पाणी मधल्या भरीत शिरतं, ती फुगते आणि दोन हिवाळ्यांत भिंत पोट काढून कोसळते. कसबी माणूस दिवसाला दोन-तीन मीटरच भिंत रचतो.

अनघा_मिल्टन

आई-बाबा पुण्याहून येतायत, दोघंही सत्तरीच्या पुढे, आईचे गुडघे दुखतात. १३ किलोमीटर शक्यच नाही. त्यांच्यासाठी काय?

पायवाट

अनघाताई, अडचण अंतराइतकीच कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांची, ज्यांना तिथे स्टाइल म्हणतात. फळी गुडघ्याच्या उंचीवर असते, एक पाय पलीकडे टाकताना सगळं वजन दुसऱ्या गुडघ्यावर येतं आणि पावसात ती निसरडी असते. किसिंग गेट सोपं, एकेक माणूस त्यातून वळून जातो, पण बाबागाडी किंवा व्हीलचेअर बहुधा अडते.

त्यांच्यासाठी दोन मार्ग. पहिला: मोर्टनहून टॅक्सीने थेट लाँगबरो, दुपारचं जेवण, चर्च, गावात फेरी, परत टॅक्सी. टॅक्सी दोन दिवस आधी फोनवर ठरवा, दोन्ही वेळांसाठी. लंडनसारखी अ‍ॅपवर पाच मिनिटांत येणारी टॅक्सी तिथे गृहीत धरू नका. दुसरा: विल्टशरमधलं लॅकॉक. पॅडिंग्टनहून चिपनम, तिथून बस. गाव जवळजवळ सपाट आहे आणि १९४४ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तिथल्या अ‍ॅबीत (जुन्या मठात) फॉक्स टॅल्बटने १८३५ मध्ये खिडकीचं जे फोटोचं निगेटिव्ह घेतलं ते आज टिकून असलेल्यांत सर्वांत जुनं. लॅकॉक दुपारी गजबजतं, पण कामाच्या दिवशी दहाच्या आत पोचलात तर गल्ल्या मोकळ्या मिळतात. पदपथावरचे दगड उंच-सखल आहेत, काठी बरोबर असू द्या.

सुगरण_रेडिंग

बसचं एक: इंग्लंडमध्ये बहुतेक बसना एका फेरीचं कमाल भाडं २०२५ पासून ३ पौंड आहे. पण रविवारी आणि संध्याकाळी सहानंतर गावाकडच्या बस फार तुरळक. परतीची वेळ आधी बघायची, मग जायची.

दौलती

गायींचं कोणीच लिहिलं नाही. आपण गायींना भिणारे लोक नाही, पण तिथल्या कुरणातल्या गायी वेगळ्या वागतात का?

बांधावरचा

महत्त्वाचा प्रश्न. आपल्याकडची गाय दावणीची, माणसाच्या हाताची सवय असलेली. कुरणातल्या मांसासाठी पाळलेल्या गायी वासरांसह मोकळ्या असतात आणि परक्या माणसाला वासराजवळ येऊ देत नाहीत. अपघात होतात ते बहुतेक वासरू आणि कुत्रा हे दोन्ही असताना. गाय आणि वासरू यांच्यामधून कधीही जाऊ नका. हात लावायला, खायला घालायला जाऊ नका. वाट कळपातून जात असेल तर लांबून वळसा घ्या आणि नंतर वाटेवर या. तरुण खोंडं कुतूहलाने मागे मागे येतात. पळू नका, वळून उभं राहा, हात पसरवा, आवाज चढवून बोला, ती थबकतात. सोबत कुत्रा असेल आणि गायी अंगावर आल्या तर साखळी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, आणि तो त्यांच्यापेक्षा जोरात पळतो.

बैल दिसला तर: दुभत्या जातींचा दहा महिन्यांवरचा बैल सार्वजनिक वाटेच्या शेतात ठेवायला बंदी आहे. मांसाच्या जातींचा ठेवता येतो, पण गायींसोबतच. पिवळी पाटी असलेली तार विजेची असते, लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

नीलमोहर

महिना कोणता चांगला? आणि बूट कसले?

पायवाट

एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत जंगलात ब्लूबेल फुललेली, शेतांत मोहरीच्या जातीचं पिवळं पीक. हा माझ्या मते सर्वांत सुंदर काळ, पण मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) असतो, ते शनिवार-रविवार टाळा. जूनच्या अखेरीस सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, घाई नसते. परागकणांचा त्रास होणाऱ्यांनी गोळी बरोबर ठेवावी. सप्टेंबरात वाटा कोरड्या आणि गर्दी ओसरलेली. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे ही पूर्ण वाट तेव्हा नको.

नोव्हेंबर ते मार्च फाटकांपाशी चिखल घोट्यापर्यंत, कारण गुरं तिथेच गोळा होतात. त्या काळात घोटा झाकणारे, खोल नक्षीचे, पाणी न शिरणारे बूट हवेत. मे ते सप्टेंबर कोरड्या आठवड्यात साधे चालायचे बूट पुरतात. छत्रीपेक्षा टोपीचं पावसाळी जाकीट घ्या, फाटकं उघडायला दोन्ही हात मोकळे लागतात. पूर्ण लांबीची पँट घाला, वाटेच्या कडेला खाजरी नेटल कमरेपर्यंत वाढते. थोडी नाणीही ठेवा, कारण घरासमोर अंडी किंवा जॅमची बाटली आणि शेजारी पैशांचा डबा असं अजून दिसतं.

अनघा_मिल्टन

गावात वागण्याबद्दल काही? दहा-बारा जणांचा गट असेल तर?

इतिहासवेडा

बारा जणांचे दोन गट करा, अर्ध्या तासाच्या अंतराने. त्या गल्लीत आवाज दगडावर आपटून दूर जातो, आणि फोनवरचं गाणं तर शेवटच्या घरापर्यंत ऐकू येतं. बसकी दगडी भिंत म्हणजे बाक नव्हे, ती कुणाच्या तरी बागेची असते. खिडकीतून आत बघू नका, घरांना परसातून वाट असली तरी 'खाजगी' पाटी पाळा. कोणी समोरून आलं की 'मॉर्निंग' म्हणायची पद्धत आहे, तेवढं जरूर म्हणा. ड्रोन नेऊ नका. कॅमेऱ्याच्या ड्रोनला नोंदणी लागते, नॅशनल ट्रस्टच्या जागेवर उडवायला मनाई आहे.

चर्च दिवसा बहुतेक उघडं असतं. जड लोखंडी कडी फिरवून दार ढकलावं लागतं, त्यामुळे अनेकांना बंद वाटतं आणि ते परत फिरतात. पोर्चला जाळीचं दार असेल तर बाहेर पडताना लावून घ्या. ते पाखरं आत अडकू नयेत म्हणून असतं. लाल टेलिफोन बूथमध्ये आता बहुधा फोन नसतो, बऱ्याच गावांत तिथे पुस्तकं किंवा हृदयाला झटका द्यायचं यंत्र ठेवलेलं असतं. कुठे आहे ते बघून ठेवायला हरकत नाही.

दौलती

शेवटची शंका. उंच गवतातून चालल्यावर गोचिडीचं काय?

बांधावरचा

मार्च ते ऑक्टोबर धोका जास्त. पँट मोज्यात खोचा. संध्याकाळी खोलीवर आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला बघा. चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडायची, न पिळता सरळ वर ओढायची, मग जागा साबणाने धुवायची. तेल, तूप, काडीचा चटका यातलं काही करू नका. त्याने ती पोटातलं रक्तात ओकते आणि गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगाचा धोका वाढतो. तारीख लिहून ठेवा. त्या जागी गोल वाढत जाणारा चट्टा उठला तर तो बहुधा एक ते चार आठवड्यांत दिसतो, आणि तोवर तुम्ही भारतात परतलेले असाल. तिथल्या डॉक्टरला 'इंग्लंडमध्ये गोचीड चावली होती' हे आपणहून सांगा. नाहीतर लाइम त्यांच्या चटकन लक्षात येणार नाही, आणि उपचार अँटिबायोटिकचा असतो, लवकर सुरू केलेला बरा.